आठ डबे लाल भोपळा

लाल भोपळा कोणालाही खायला लावणं हा माझ्या डाव्या हातचा मळ आहे, असं मी भर मीटिंगमध्ये सांगून टाकलं! साधनामॅडम, म्हणजे आमच्या संस्थेच्या प्रमुख, चष्म्यावरून माझ्याकडे बघत राहिल्या.

"तेजश्री, पेठ रोडच्या वस्तीत तू पावसाळ्यापासून जातेयस. अजून घरोघरी बटाटाच शिजतो. शनिवारी मी स्वतः येते. एका तरी घराचं ताट बदललेलं दिसू दे, नाहीतर हा पोषण-आहाराचा उपक्रम बंद."

उपक्रम बंद म्हणजे माझी नोकरीही बंद. शिवाय त्या गल्लीतल्या पोरांचा मला लळा लागला होता, ते वेगळंच.

तिथली माणसं पेठ-सुरगाण्याच्या डोंगरातून कामासाठी आलेली. बाया सकाळी पिकअपमध्ये बसून दिंडोरीच्या द्राक्षबागांत जातात आणि दिवेलागणीला परततात. मग कसली भाजी निवडणार? बटाट्याचा रस्सा आणि भात. मी संध्याकाळी भागीबाईच्या ओट्यावर रंगीत तक्ते लावायची, ताटात रंग कसे हवेत ते सांगायची. बाया "व्हय ताई" म्हणायच्या आणि तिथेच बसून बटाटे सोलायच्या.

आता लोकांचं कशाला सांगू, आमच्या घरीही तेच. माझा नवरा विश्वेश एकलहऱ्याच्या वीज केंद्रात नोकरीला आहे. तो आणि आमची ओवी बटाट्याखेरीज दुसरी भाजी ओळखतच नाहीत. एकदा मी विश्वेशला भोपळा वाढला. त्याने ताट शांतपणे पुढे सरकवलं आणि म्हणाला, "मी काही तुझी वस्ती नाही."

पण शनिवारपर्यंत वस्ती जिंकायची होती! मी ठरवलं, तक्ते पुरे झाले, आता चव दाखवायची. माहेरून मिळालेले स्टीलचे आठ डबे काढले. प्रत्येकावर माझं नाव कोरलेलं. मेथीदाणे आणि गूळ घालून झकास भोपळा केला आणि सोमवारी गल्लीतल्या आठ घरी आठ डबे पोचवले.

मंगळवारी डबे परत आले, घासूनपुसून लख्ख. आणि भरलेले!

"अहो, हे कशाला?" मी भागीबाईला विचारलं.

"मग काय रिकामा डबा देऊ, ताई? बरं दिसतं का ते?"

आता हे मला माहीत नव्हतं असं नाही. आमच्या आईनेही शेजारचं भांडं कधी रिकामं धाडलं नाही, अगदी काही नसलं तर चमचाभर साखर तरी. पण आठ डबे एकदम भरून येतील हे काही माझ्या डोक्यात आलं नव्हतं. नागलीच्या, म्हणजे आपल्या नाचणीच्या भाकऱ्या, खुरासणीची (कारळ्याची) चटणी, उडदाचं घट्ट वरण, कसलीशी पालेभाजी. अन्न टाकून कसं देणार? त्यात मी आदल्या दिवशी आठ घरांचा भोपळा चिरून दमलेली. घरी दुसरं काही केलंच नव्हतं. मी मुकाट्याने तेच वाढलं.

विश्वेशने चटणीला बोट लावलं. मग भाकरी मोडली. मग दुसरी मोडली.

तर, भरलेला डबा आला म्हणजे आपणही भरलेलाच डबा द्यायला हवा. मी बुधवारी पुन्हा भोपळा केला. गुरुवारी डबे पुन्हा भरून आले. सोबत गल्लीतल्याच अक्काबाईच्या डब्यात लालसर, खमंग थापोळ्या होत्या, आपल्या थालीपिठासारख्या. विश्वेशने चार खाल्ल्या, उरलेल्या ओवीने शाळेत नेल्या. विश्वेश तर दारातूनच विचारू लागला, "आज कोणाकडून काय आलंय?" मी मॅडमना फोन केला आणि म्हटलं, "भोपळा फस्त होतोय, मॅडम! डबे चाटूनपुसून परत येतायत."

शनिवारी मॅडम आल्या. बाया ओट्यावर जमल्या. मी अशी उभी होते, जणू भोपळ्याचा शोध मीच लावला.

"काय भागीबाई, ताईंचा भोपळा कसा लागला?" मॅडमनी विचारलं.

"चांगला असंल की."

"असेल म्हणजे? तुम्ही खाल्ला ना?"

भागीबाईने पदर सारखा केला. "अक्काबाईचं पातेलं माझ्याकडं पडून होतं. ते रिकामं कसं द्यायचं? त्यातच घालून दिला."

कलाबाई म्हणाली, "माझ्याकडं तिची परात होती."

शकुबाईकडे तिची वाटी होती. अक्काबाई गल्लीत सगळ्यांत थोरली, त्यामुळे घराघरात तिचं काही ना काही असतंच. आठही डब्यांतला भोपळा, दोन्ही वेळा, फिरून फिरून एकट्या अक्काबाईकडे जाऊन पडला होता.

"मग अक्काबाई, तुम्ही तरी खाल्लात?" माझा आवाज आता रडवेला झाला होता.

"एवढा कोण खाईल, बाय? नागलीच्या पिठात मळला, थापोळ्या केल्या अन् तुझ्याच डब्यात भरल्या. आवडल्या का?"

म्हणजे माझा भोपळा गल्लीभर हिंडून विश्वेशच्या पोटात गेला होता!

"आणि तुमच्या घरी काय शिजलं आठवडाभर?" मॅडम विचारत होत्या.

"बटाटा," बाया म्हणाल्या.

"ताईला नागली, उडीद, पालेभाजी, आणि घरी बटाटा?"

"पाहुणीच्या डब्यात बटाटा कसा घालायचा?" कलाबाईला प्रश्नच कळेना. "रोज समद्यांसाठी एवढं कराया वेळ नाय. एका डब्यापुरतं होतं."

"म्हणजे एकाही घराचं ताट बदललं नाही," मॅडम म्हणाल्या. मी जमिनीकडे बघू लागले.

"बदललं की," भागीबाई म्हणाली. "ताईचं बदललं. आधी इथं बसून डबा उघडायच्या, तर रोज बटाटाच असायचा."

मॅडम इतक्या हसल्या की त्यांना चष्मा काढावा लागला. मग डोळे पुसत म्हणाल्या, "तेजश्री, भोपळा बंद कर. तुझे डबे गल्लीतच ठेव. हिच्याकडून तिच्याकडे, तिच्याकडून पुढे. पाहुणचार आपापसातच होऊ दे."

आणि काय सांगू, जमलं! रोज पाळीने एकीने एक पदार्थ जास्त करायचा आणि आठ डबे भरायचे, म्हणजे प्रत्येकीची पाळी आठ दिवसांतून एकदाच. पोरं डबा कुणाकडून येतो ते बघायला दारात बसू लागली. उपक्रम वाचला, नोकरी वाचली. मला फार बरं वाटलं, अगदी मनापासून.

फक्त आमच्या घरी डबे यायचे बंद झाले. पहिल्याच संध्याकाळी मी बटाट्याची भाजी वाढली, तेव्हा ओवीने ताटाकडे आणि मग बापाकडे बघितलं.

विश्वेश घसा खाकरून म्हणाला, "त्या फेरीत आपलं नववं घर नाही का चालणार?"

"तू काही माझी वस्ती नाहीस ना?"

"विचारून तर बघ."

मी विचारलं. बायांनी बराच वेळ चर्चा केली. शेवटी भागीबाईने निकाल दिला. "घेतो. पण पाळी आली की बटाटा चालायचा नाय. अन् ताई, तुमचा भोपळा तेवढा तुम्ही करू नका, दादांना करू द्या."

आज आमची पाळी आहे. विश्वेश मघापासून स्वयंपाकघरात भोपळ्याशी झटतोय, आणि मला आत जायला बंदी आहे.