तीन हजार तीनशे तेहतीस दिवसांचा ताप

सन १९९४ च्या श्रावणात साक्री तालुक्यातल्या धामणदर येथील प्राथमिक आरोग्य केंद्रात जनतेला स्वतःच्या आरोग्यात सहभागी करून घेण्यात आले. तोवर जनता फक्त आजारी पडत असे. बाकीचे काम डॉक्टर करीत. ही पद्धत एकतर्फी असल्याचे वरच्या कार्यालयाच्या ध्यानात आले आणि केंद्राला संगणक मंजूर झाला.

संगणकाला गारवा लागतो आणि धूळ चालत नाही. केंद्रात धड खिडक्या लागणारी खोली एकच होती, डॉक्टरांची. ती संगणकाला देऊन तिथे एसी बसवला आणि डॉक्टरांचे टेबल व्हरांड्यात नेले. रुग्ण तपासण्यास व्हरांडा पुरेसा असल्याचे परिपत्रकात स्पष्ट होते. पावसाची झड आली की डॉक्टर टेबलासकट भिंतीकडे सरकत. त्याबद्दल परिपत्रकात काही नव्हते.

नियम सोपे होते. रुग्णाने पाय धुऊन आत जायचे, पडद्यावरच्या प्रश्नांची उत्तरे स्वतःच्या बोटाने द्यायची, मग यंत्रातून चिठ्ठी निघायची. चिठ्ठी नसेल तर डॉक्टरांनी तपासायचे नाही आणि नर्स प्रमिलाबाईंनी गोळी द्यायची नाही. दुसऱ्या कुणी कळ दाबली तर तो सहभाग धरला जाणार नव्हता. यंत्राजवळ लीलाधर नावाचा चालक बसे. धुळ्याला आठ दिवसांचे प्रशिक्षण घेऊन आलेला. यंत्र सुरू करणे त्याला पक्के येत होते. बंद करायला शिकवले त्या दिवशी तो रजेवर होता.

मी धुळ्याच्या एका दैनिकाचा वार्ताहर. योजनेवर चार ओळी लिहायला गेलो होतो, म्हणून पुढचे सगळे माझ्या डोळ्यांदेखत घडले.

सुकदेव आबा हे नाल्यापलीकडच्या वस्तीवरचे साठीतले शेतकरी. बायको यशोदाबाई त्यांना धरून घेऊन आली. आबांचे दात वाजत होते.

"तीन रोज व्हई गयात भाऊ," यशोदाबाई म्हणाली. "दुपार व्हयनी का यासले हुडहुडी भरस."

"हिवताप आहे," डॉक्टर व्हरांड्यातून म्हणाले. "मला इथूनच दिसतंय."

"साहेब, आधी चिठ्ठी निघू द्या," लीलाधर अदबीने म्हणाला.

आबांना थंड पाण्याने पाय धुवायला लावून एसीच्या खोलीत बसवले. होते नव्हते ते अवसानही तिथे गेले. पडद्यावर प्रश्न उमटला : ताप किती दिवसांपासून? लीलाधरने तीनची कळ दाखवली. आबांनी थरथरते बोट तिच्यावर ठेवले आणि ती चार वेळा दाबली गेली. रकाना चारच आकड्यांचा होता, म्हणून तेवढ्यावर निभावले.

यंत्राने क्षणभर घरघर करून चिठ्ठीऐवजी नोटीस छापली. रुग्णाने तीन हजार तीनशे तेहतीस दिवस, म्हणजे नऊ वर्षांहून अधिक काळ, ताप अंगावर काढून स्वतःच्या आरोग्याबाबत अक्षम्य हलगर्जीपणा केला आहे. सबब सात दिवसांत लेखी खुलासा सादर करावा. खुलासा समाधानकारक वाटल्यास उपचाराचा विचार होईल.

"मी एकच दाव दाबं भाऊ," आबा कसेबसे म्हणाले. "हातच थरथरी ऱ्हायना."

"डॉक्टर समोर बठेल शेतस, गोया कपाटमा शेतस," यशोदाबाई गोळ्यांच्या कपाटाकडे हात करून कडाडली. "मंग आडनं कोठे?"

लीलाधर स्वभावाने वाईट नव्हता. दुरुस्तीची सोय त्याने खरोखर शोधली. ती नव्हती. मात्र जुने प्रकरण बंद करून नवे उघडता येत होते. बंद करायला दोन पर्याय होते : एक दाबल्यास 'बरा झाला', दोन दाबल्यास 'मयत'.

"दाबायचं मात्र आबांनाच," तो म्हणाला.

एक आणि दोनच्या कळा शेजारीशेजारी. यशोदाबाईने नवऱ्याचे मनगट दोन्ही हातांनी घट्ट धरले. "दुसराले बोट लावू नका," ती दबक्या आवाजात म्हणाली. व्हरांड्यातून डॉक्टरही उठून दारात आले. बोट एकवर टेकले, एकदाच टेकले, आणि यशोदाबाईने ते झटकन उचलले.

पडद्यावर अभिनंदन झळकले. आता नवे प्रकरण उघडायला लीलाधर सरसावला, तर यंत्राने कळवले की बरा झालेल्या माणसाला तीस दिवस आजारी पडता येत नाही.

नाल्याला पूर होता. साक्रीच्या दवाखान्यात न्यावे तर एसटी बंद. त्या रात्री नवराबायको गावातच नातेवाइकांकडे राहिली. संध्याकाळी लीलाधरने नेहमीप्रमाणे दिवसाचे आकडे फोनवर धुळ्याला कळवले होते. नऊ वर्षांचा ताप केवळ सहभागाने चाळीस मिनिटांत बरा झाला, हे ऐकून तिकडे आनंद पसरला. पाहणीला येणारे साहेब दुसऱ्या दिवशी पूर ओसरताच जीपमधून शाल, नारळ आणि फोटोग्राफर घेऊन आले.

सत्कार दुपारी ठेवला होता. आबांच्या हुडहुडीची वेळ तीच. खुर्चीसकट ते हलू लागले.

"आबांना गहिवरून आलं आहे," साहेबांनी ध्वनिक्षेपकावरून सांगितले आणि शाल पांघरली. आबांनी ती डोक्यावरून घेऊन गच्च आवळली. "कृतज्ञता!" साहेब म्हणाले. मग यशोदाबाईला दोन शब्द बोलायचा आग्रह झाला.

"साह्यब, शाल चांगली शे," ती म्हणाली. "आते गोया द्या."

टाळ्यांचा कडकडाट झाला. ग्रामीण माणसाची विनोदबुद्धी आपल्याला नेहमीच थक्क करते, असे साहेब म्हणाले. टाळ्या वाजवणाऱ्यांत मीही होतो.

जीप गेल्यावर प्रमिलाबाईंनी कुणाला न विचारता कपाट उघडले. "उपाशीपोटी देऊ नका आक्का, आधी भाकर खाऊ घाला," एवढेच बोलून गोळ्या यशोदाबाईच्या हातात ठेवल्या. चौथ्या दिवशी आबा बाजरी निंदताना दिसले. पुढच्या महिन्यात निरोगी इसमास औषध दिल्याबद्दल प्रमिलाबाईंची बदली झाली, डोंगरापलीकडच्या उपकेंद्रात.

सत्काराची माझी बातमी फोटोसह चार कॉलम छापून आली. वाचकांची सतरा पत्रे आली. सगळ्यांनी एकच विचारले होते : आमच्या गावाला असे यंत्र कधी मिळणार?

प्रमिलाबाईंच्या बदलीची बातमीही मी लिहून दिली होती. ती संपादकांनी परत केली. असले कुणी वाचत नाही, म्हणाले. तीस वर्षे ते या धंद्यात आहेत; तुम्हा वाचकांना ते माझ्यापेक्षा चांगले ओळखतात.