नजीरभाईंचा नाचायचा पाट

आमच्या शेजारचे नजीरभाई कुणाच्या घरी गेले की खुर्चीवर बसत नाहीत. आधी तिच्यावर उभे राहतात. पोत्यासारखा भरलेला माणूस, पण चप्पल दाराशी काढून टुणकन वर चढणार, गुडघ्यात वाकून दाबून बघणार आणि मग उतरून म्हणणार, "हां ताई, बसा आता." माझ्याच घरात, माझ्याच खुर्चीवर बसायची मला परवानगी! आम्ही नवा टीपॉय आणला, तेव्हा मी चहा घेऊन येईस्तोवर हे त्याच्यावर. म्हणे, "एक पाय कमजोर आहे याचा." नव्हता हो कमजोर. यांनी दाबल्यावर झाला.

जन्म गेला त्यांचा वाळूजच्या कारखान्यात माल तपासण्यात. नोकरी संपली, तपासणं काही संपलं नाही. गल्लीतलं गटाराचं झाकण असो की लग्नातलं स्टेज असो, नवरानवरीच्या आधी यांचा पाय. वर आणि सगळ्यांना ऐकवणार, "कच्चा काम अपने को नक्को!" पोराचा पाळणासुद्धा लोखंडी अँगलचा केला होता म्हणे. रुकैयाभाभी, म्हणजे त्यांच्या बायको, सांगायच्या, "झुलाने को दो आदमी लगते थे, ताई."

या भाभी गेल्या साली न्हाणीघरात घसरून पडल्या. मांडीचं हाड मोडलं, आत सळई बसवली. पुढं डॉक्टर म्हणाले, हाड जुळलंय, आता पाय टेकवा, नाहीतर वाळून जाईल. पण भाभींच्या मनात भीती बसली ती बसलीच. वॉकर धरून उभ्या राहायच्या, डावा पाय मात्र अधांतरी. नजीरभाईंनी समजावलं, चिडून बघितलं, शेवटी घरातल्या फरशीवर स्वतः धपाधप उड्या मारून दाखवल्या. "देख, जमीन पक्की है!"

"जमीन पक्की है," भाभी म्हणाल्या, "मैं कच्ची हूं."

मग सुट्टीत त्यांची नाशिकची नात आली. तिच्याकडं टीव्हीला जोडायचं एक नाचायचं कापड होतं. त्याच्यावर चार दिशांना चार बाण. टीव्हीवर गाणं लागतं, त्या तालावर बाण सरकत येतात, आणि आपण खालचा तसलाच बाण पायानं दाबायचा. बरोबर दाबला की टीव्ही चमकतो. पोरगी नाचत होती, मी आणि भाभी पलंगावर बसून बघत होतो. सहज माझी नजर खाली गेली, तर भाभींचा डावा पाय फरशीवर ठेका धरतोय! नजीरभाईंनीही बघितलं. मला डोळ्यांनी खुणावलं, बोलू नका.

नात गेली, कापड ठेवून गेली. पण ते गुळगुळीत फरशीवर सरकायचं. त्याच्यावर भाभी कशाला पाय ठेवतील? झालं, नजीरभाई कामाला लागले. खाली जाड प्लायवूड, त्यावर ते कापड ठोकलं, प्रत्येक बाणावर पत्रा, कडेनं लोखंडी पट्टी, आणि धरायला नळाच्या पाइपाचा कठडा. मी त्याला नाचायचा पाट म्हणायची. त्याच्यावर चढून नजीरभाई असे नाचले की माझ्या घरातली भांडी वाजली. "हत्ती आला तरी चालेल, ताई!"

हत्तीला चाललं असतं, भाभींना नाही चाललं. बिचाऱ्यांनी कठडा धरून अंगठा टेकवला. टीव्ही ढिम्म. अजून जरा टेकवला. ढिम्म. पत्रा इतका जाड की नजीरभाईंच्या वजनाशिवाय दबतच नव्हता.

"लो. इसको भी मैं नहीं चलती," असं म्हणून भाभी भिंतीकडं तोंड करून पडल्या.

नजीरभाई माझ्या दारात येऊन नुसते उभे. "लई पक्का झाला, ताई."

मग त्यांनी जन्मात कधी केलं नव्हतं ते केलं. मुद्दाम कच्चं काम. पत्रा काढला. कापडाच्या जागी चपात्या गुंडाळायच्या चांदीसारख्या कागदाचे दोन थर घातले, मधे भोकं पाडलेला स्पंज, वरून बाण रंगवलेलं मऊ रेक्झिन, आणि कापडाची टीव्हीकडं जाणारी तार त्या कागदांना जोडली. वरून दाबलं की भोकातून कागदाला कागद लागणार आणि बाण चालणार. स्पंज तासून तासून पातळ करत होते. पायानं बघायचं सोडून बोटाच्या टोकानं बघायला लागले.

मी म्हटलं, "नजीरभाई, माशी बसली तरी वाजेल हो हे."

"वाजू दे ना ताई. माशीला पण नाचू दे."

त्या संध्याकाळी भाभींनी आधीच बजावलं, "आखरी बार. नहीं हुआ तो भंगार में दो, और मेरे को फिर कब्बी बोलना नक्को." नजीरभाई पाटाला लागूनच खाली बसले. म्हणाले, तार ढिली आहे, धरून बसतो. गाणं लागलं. बाण आले, गेले. परत आले, गेले. भाभींचा पाय हवेतच. मग तो पाय हळूच खाली आला, रेक्झिनला लागला न लागला, आणि टीव्ही चमकला!

"लगा?"

"लगा ना!" नजीरभाई ओरडले.

मी खाली बघितलं. तार कुठली नि काय! रेक्झिनच्या कडेखाली नजीरभाईंचा अंगठा होता, दाबून धरलेला. उभ्या जन्मात एक वाकडा खिळा पुढं जाऊ न दिलेला माणूस. त्यांनी माझ्याकडं असं बघितलं की मी तोंडाला पदरच लावला.

"ताई, तुम बोलो," भाभी म्हणाल्या. "ये तो मेरा दिल रखने को बोलेंगे. लगा क्या सच्ची?"

"व्हय भाभी," मी म्हटलं. "मी बघितलं ना. डावाच पाय."

भाभी हसल्या. कठडा गच्च धरला आणि पुढच्या बाणाला पाय ठेवला, चांगला टाचेसकट. टीव्ही चमकला. त्याच्या पुढच्यालाही चमकला.

तेव्हा नजीरभाईंचे दोन्ही हात स्वतःच्या तोंडावर होते.