सटवोजी गव्हाणे यांच्या न दिसणाऱ्या पेचांची हकीकत

श्रीगणेशास नमन, शारदेस नमन, आणि डोळ्यांसमोर घडत असूनही जे दिसत नाही ते दाखविणाऱ्या कुलस्वामिनीस तीन वेळा नमन. शके सोळाशे अडतिसावे, दुर्मुखनाम संवत्सरी, चैत्र वद्य तृतीयेस जो प्रसंग जाहला तो धन्यांच्या आज्ञेने यथामति लिहितो. राज्याचे नाव लिहू नये ऐशीही आज्ञा आहे, आणि ती का, हे पुढे वाचले म्हणजे ध्यानी येईल.

ते राज्य नदीच्या अलीकडच्या काठी, आणि तेथे मिश्रमल्लविद्येचा थोर शौक. मिश्र म्हणजे कुस्ती, मुष्टी, लाथ, कोपर, हात पिळणे आणि गळा आवळणे, सारे एकाच ताटात वाढलेले. झुंज लोखंडी जाळीच्या आठकोनी पिंजऱ्यात होत असे, कारण पूर्वी उघड्या हौद्यात होई तेव्हा मल्ल लोळत लोळत मानकऱ्यांच्या बैठकीत येत आणि कोणाची पगडी कोणाच्या डोक्यावर याचा तंटा दोन दोन महिने चाले. हार कबूल असणाऱ्याने जमिनीवर दोन थापा द्याव्या, ही एक रीत. दुसरी रीत ऐशी की आपला मल्ल जिवास मुकतो ऐसे दिसले तर धन्याने खांद्यावरचा शेला पिंजऱ्यात टाकावा, म्हणजे झुंज थांबे, मल्ल वाचे आणि पैज जाई. पडलेला शेला उचलून परत खांद्यावर घेतला, ऐसे त्या राजकुळात कधी घडले नव्हते.

त्या राज्याचे पहिले मल्ल सटवोजी गव्हाणे. अंगाने मध्यम, कान चुरगळून भज्यांसारखे जाहलेले, आणि चेहरा ऐसा की देवळात प्रसाद वाटताना पुजाऱ्याने दोनदा चुकून वगळावा. त्यांची विद्या मोठी म्हणोन चहूकडे नाव, परंतु पाहू जाता काय दिसे? प्रतिपक्षाचा पाय धरून त्यास खाली आणीत, आणि मग त्यावर पालथे पडीत, आणि मग पडूनच राहात, आणि बऱ्याच वेळाने खालचा मनुष्य दोन थापा देई, आणि का दिल्या हे कोणास कळत नसे. एकवीस झुंजा जिंकल्या, त्यांतील एकही कोणी सबंध जागेपणी पाहिली नाही. एकदा सेनापती बसल्या जागी घोरू लागले, ती मल्लाची गुरगुर समजून लोकांनी टाळ्या दिल्या.

म्हणोन महाराजांनी वाखाणीस हा नवा हुद्दा काढिला आणि तो त्रिंबकपंतांस दिला. पंतांनी पिंजऱ्याशेजारी चौरंगावर बसावे आणि काय घडते ते मोठ्याने सांगावे. पंत सांगत की पाहा, डावा गुडघा दोन बोटे पुढे सरकला, हे काम चाळीस वर्षांत कोणी केले नाही. मग सरदार माना डोलवीत, आणि डोलविता डोलविता शेजाऱ्याकडे पाहात की यास दिसले काय, आणि ज्यास काहीच दिसले नाही तो सर्वांत अधिक डोलवी. पंत खरे जाणकार, यात संशय नाही. परंतु जाणकार शेजारी बसला की जेवलेले अन्न पचत नाही, हेही आम्ही अनुभवाने लिहितो.

सटवोजींच्या कुटुंबाचे नाव सगुणाबाई. त्यांनी नवऱ्याची झुंज एकदाही पाहिली नव्हती. सटवोजी घरी येऊन पेच सांगू लागले की पहिल्या गुडघ्यापाशीच त्यांचा डोळा लागे. बाईंचा भाऊ तेलाचा घाणा चालवी आणि त्यास भरवशाचे मनुष्य हवे होते. चैत्रात एके दिवशी भाकरी वाढताना बाई म्हणाल्या, "आळीतल्या बाया इचारत्यात, तुमचं मालक पिंजऱ्यात करत्यात काय? म्या काय सांगावं, लोकांच्या अंगावर पडून ऱ्हात्यात? ह्या बारीला म्या सोता येते. काय दिसलं तर दिसलं. न्हाईतर दादाच्या घाण्यावर चला. तिथं गोल फिरलं की तेल तरी दिसतं."

एकवीस मल्लांपुढे न डगमगलेला पुरुष, पण या बोलण्याने त्यांनी अर्धी भाकरी ताटातच ठेविली. राज्याने वाहवा केली ती पंतांच्या तोंडाकडे पाहून केली, हे त्यांस पुरते ठाऊक होते, आणि त्याचे दुःख होते. घरच्या एका माणसाने तरी काम पाहून बरे म्हणावे, एवढीच इच्छा. परंतु बोलणे थोडे, म्हणोन इतकेच म्हणाले की ये आणि पुढे बैस.

पैज ऐशी लागली होती की मंगळवारचा बाजार नदीच्या कोणत्या काठी भरावा. पलीकडच्या राजाने आपला मल्ल सुभानजी कोकरे पाठविला. तो उडी मारून लाथ घाली, आणि ती लाथ आंधळ्यासही कळे, कारण वारा येई. पोरेबाळे त्याच्या मागे, आणि आपल्या राज्यातील लोकही मनातून त्याच्यावरच खूष, फक्त बोलून दाखवीत नव्हते. इकडे त्रिंबकपंतांनी झुंज कशी होईल हे तीन दिवस आधीपासून पाहुण्यांच्या उताऱ्यावर, घाटावर, न्हाव्याकडे आणि ऐकणारा पळून गेला तरी त्याच्या ओसरीवर सांगितले. उचलली जीभ लावली टाळ्याला, तिचा परिणाम व्हावा तोच जाहला आणि तृतीयेस सकाळी पंतांचा आवाज पार बसला. वैद्याने काढा दिला, तो पिऊन अंड्यावरल्या कोंबडीएवढा आवाज निघाला, आणि मग तोही गेला.

झुंज सुरू जाहली. सुभानजीने दोन लाथा घातल्या, लोक उभे राहिले. सटवोजींनी पाय धरू म्हटले, तो निसटला, आणि मग काय मनात आले न कळे, सटवोजी आपण होऊन उताणे पडले आणि सुभानजी त्यांच्यावर येऊन बुक्क्या मारू लागला. जो मल्ल आजवर वरती पडून राही तो आज खालती पडला, हे पाहून सभेचे धाबे दणाणले, कारण एवढे तरी पंतांवाचून सर्वांस समजत होते. सगुणाबाईंनी पदराने डोळे झाकले. इकडे खालून सटवोजींचा एक पाय सुभानजीच्या मानेवरून गेला, दुसऱ्या पायाने त्या पायास कडी घातली, आणि मग सारे स्तब्ध जाहले, आणि बुक्क्याही थांबल्या. मानकरी म्हणाले, मारून मारून दमला बिचारा.

पंतांस मात्र सर्व दिसले. ते चौरंगावर उभे राहिले, तोंड उघडले, शब्द नाही. मग त्यांनी आपल्याच दोन्ही हातांनी आपला गळा आवळला, डोळे बाहेर काढले आणि पिंजऱ्याकडे बोट केले. महाराजांनी दिवाणांस विचारले की पंत काय म्हणतात, आणि उत्तराची वाट न पाहता आपणच म्हणाले की आमचा सटवोजी गुदमरून मरतो. धनी बोलले म्हणजे तेच खरे, म्हणोन दिवाणांनीही तेच पाहिले. पंतांनी नाही नाही म्हणोन मान हलविली, त्यावरून महाराजांस वाटले की आता आशा नाही. महाराज दयाळू, हे येथे लिहिलेच पाहिजे. त्यांनी शेला काढिला आणि पिंजऱ्यात टाकिला.

सटवोजींनी शेला पाहिला आणि पाय सोडिले. पलीकडच्या लोकांनी नगारा वाजविला आणि आपल्या मल्लास खांद्यावर घेऊ गेले, तो मल्ल उठेना. तोंडावर पाणी मारिले, मग बसला, मग भिंतीचा आधार घ्यावा तसा जाळीस धरून उभा राहिला, आणि खांद्यावर घेऊ देईना. महाराजांपुढे येऊन मुजरा केला आणि म्हणाला, "महाराज, बाजार आमचा जाहला. रीत ती रीत, आम्ही नेऊ. पण खोटी वाहवा घेणार नाही. मी वरती होतो हे खरे. विहिरीत पडलेला माणूसही पाण्याच्या वरतीच असतो. शेला चार श्वास उशिरा पडता तर मला उचलूनच न्यावे लागते."

महाराजांनी सटवोजींस विचारले की मान कोठे आणि कशी धरिली, ते सांगावे. सटवोजी म्हणाले, "पेच सांगता येत नाही, महाराज. अंगावर घ्यावा लागतो." बाजार गेल्याचा राग ताजा होता, त्या रागात महाराज बोलून गेले की मग आमच्यावर घ्या. दिवाण खाली बसले. त्यानंतर सटवोजींनी महाराजांची मान धरिली ऐसे लिहिणे आमच्या नोकरीस बरे नव्हे, म्हणोन श्रीमंतांच्या मानेस आदरपूर्वक वेढा पडिला, इतकेच लिहितो. तीन श्वास जाहले आणि श्रीमंतांनी गादीवर दोन थापा दिल्या. त्या गादीवरील धूळ झटकण्यासाठी होत्या, ऐसे दिवाणांनी मागाहून लिहवून घेतले.

महाराज गळा चोळीत म्हणाले, "आम्ही एकवीस झुंजा पाहिल्या. आज पहिली कळली."

तेव्हा बायकांच्या बैठकीतून सगुणाबाई उठून पुढे आल्या आणि म्हणाल्या की आता मला. कारभारी मध्ये पडले की स्त्रीजात, ऐसे बरे नव्हे. त्यावर बाई म्हणाल्या, बाईच्या मानेला काय येगळी हाडं असत्यात? सभेने तोंडे फिरविली. सटवोजींनी पायांचा पेच न घेता हाताचाच हलका घेतला, आणि एका श्वासात बाईंनी त्यांच्या दंडावर दोन थापा दिल्या. मग पदर सारखा केला. डोळ्यांत पाणी आले होते, ते पेचामुळे की आणखी कशामुळे, हे आम्ही विचारले नाही.

"येवढं येत हुतं, तर मला सांगितलं का न्हाई?"

"रोज सांगत होतो," सटवोजी म्हणाले. "तू निजत होतीस."

घाण्यावर दुसरा मनुष्य लागला. बाजार पलीकडे गेला तो गेला, आणि सगुणाबाई दर मंगळवारी नावेतून भाजी आणण्यास जाऊ लागल्या. तेथील बाया विचारीत की तुम्ही कोणाच्या कोण. तेव्हा बाई जुडी हातात धरून साऱ्या बाजारास ऐकू जाईल ऐसे सांगत, "तुमच्या मल्लाचा गळा ज्यांनी धरला हुता, आन आमच्या म्हाराजांस्नी दिसला न्हाई, त्यांची म्या बायकू." त्यानंतर त्या जो भाव म्हणत तोच भाव होई.

येणेप्रमाणे हकीकत. त्रिंबकपंतांचा आवाज सातव्या दिवशी परत आला, आणि पहिला शब्द निघाला तो हाच की मी सांगतच होतो. वाखाणीसाचा हुद्दा मोडला आणि राज्यात नवी आज्ञा जाहली, ती आजवर चालते: ज्यास दिसले त्याने खुशाल वाहवा म्हणावे, आणि ज्यास दिसले नाही त्याने मान डोलविण्याआधी ती पिंजऱ्यात न्यावी. तेव्हापासून वाहवा फार थोडी होते. सटवोजी म्हणतात, पुरेशी आहे. लेखनसीमा.