सासऱ्यांशी स्क्रॅबल

क्यू असलेला पण यू नसलेला कोणताही इंग्रजी शब्द आपण झोपेतही सांगू, अशी यशपालची खात्री होती. माळावर सरपण वेचावे तसे त्याने असे शब्द मोबाइलवरून वेचून पाठ केले होते. निमित्त गंभीर होते. कीर्तीने त्याला पसंत केले होते. परंतु तिचे वडील धर्मपाल, कुर्डुवाडीच्या रेल्वे वर्कशॉपमधून निवृत्त झालेले, जावई पारखणार होते ते स्क्रॅबलच्या पटावर. पगार आणि पदवी यांवर त्यांचा विश्वास नव्हता.

निघताना आईने, गोजरबाईंनी, विचारले, "जिंकणार हायस का?"

"जिंकणारच."

"मग पोरगी इसर. सासऱ्याला हरवून कुणाला पोरगी मिळाली हाय व्हय?"

कीर्तीचे घर असलेले जुळे सोलापूर येईपर्यंत यशपालने रिक्षात बसून आपल्या एकेका शब्दाला मूकपणे निरोप दिला.

धर्मपालांनी जयभीम केला, शेंगापोळी पुढे सरकवली आणि पट मांडला. पहिल्याच खेपेला यशपालच्या हाती क्यू, यू, आय, झेड आले. दैव क्रूर व्हायचे ठरवते तेव्हा ते असे उदार होते. 'क्विझ' हा शब्द त्याने डोळे भरून पाहिला आणि पटावर 'अ‍ॅट' लावला.

धर्मपालांनी कपाळाला आठ्या घालून दीर्घ चिंतन केले. मग 'टू' लावला.

"सुंदर," यशपाल म्हणाला.

"तुमचाही काही कमी नव्हता."

पुढे 'गो' आला, 'नो' आला. बालवाडीतली दोन मुले खेळ अर्धा टाकून घरी गेली असावीत, तसा तो पट दिसू लागला. कीर्तीची आई मीनाबाई चहा घेऊन आल्या आणि थबकल्या.

"इंग्रजी एवढंच असतंय होय? मी उगंच जन्मभर भीत होते की."

कीर्तीने दोघांसमोरच्या अक्षरांच्या पट्ट्या फिरवल्या. इकडे 'क्विझ' तयार होता, तिकडे 'जिंक्स'.

"बाबा, हे काय?"

"पाहुणा दारात आलाय. त्याला हरवून पाठवू काय गं?"

"आणि तुम्ही?"

"वडीलधारे आहेत," यशपाल जमिनीकडे पाहत म्हणाला.

"म्हणजे उद्या माझी भाजी खारट झाली तर दोघं मिळून सुंदर म्हणणार. मला कसं कळायचं कुणाच्या मनात काय आहे? उठा बाबा, नव्या डावाला मी बसते." मग ती यशपालकडे वळली. "खोटं हरलात तर इथूनच जयभीम."

यशपालच्या छातीवरचा धोंडा उतरला. आता जिंकणे हेच कर्तव्य होते. निरोप दिलेले सगळे शब्द त्याने परत बोलावले. ते आलेही, परंतु क्यू कीर्तीकडे गेला. तिने 'क्वीन' लावला. रोजच्या वापरातले शब्द ती भाकरी थापावी तशी एकामागून एक मांडत राहिली, आणि यशपाल हातातल्या दोन व्ही अक्षरांकडे परक्या गावात उतरलेल्या माणसासारखा पाहत राहिला. यशपाल हरला तेव्हा त्याचा सदरा पाठीला चिकटला होता.

"मुद्दाम हरले का गं?" धर्मपालांनी काळजीने विचारले.

कीर्तीने यशपालचा चेहरा बराच वेळ निरखला.

"नाही बाबा. यांना एवढंच येतंय."

"मग हरकत नाही," धर्मपाल म्हणाले, आणि त्यांनी मीनाबाईंना कॅलेंडर आणायला सांगितले.