कपाटातला दहावा

"या गल्लीतले दहा जण जरी मत देऊन आले ना, तर भर चौकात अर्धी मिशी उतरवीन!" हेडक्लार्ककाकांनी पैज लावली. रिटायर होऊन सहा वर्षं झाली, तरी रुबाब खुर्चीतलाच.

"हरले तर महिनाभर तुमचं अंगण मी झाडीन," टेंपोवाली मावशी म्हणाली.

काका खोटं बोलत नव्हते. गल्लीच्या शाळेतलं मतदान केंद्र यंदा उचलून नदीपार, गोदामांच्या मागे नेलं होतं. तिकडे बस नाही. लोक कामावरून सुटणार पाचला, केंद्राचं दार बंद सहाला.

मालाच्या गाडीत माणसं बसवली की दंड. म्हणून मावशीने टेंपोत घरचं रिकामं कपाट चढवून ठेवलं आणि सगळ्यांना बजावलं, "कुणी विचारलं तर आपण हमाल!"

सव्वापाचला मोजले, तर तिला धरून नऊच. दहावा होता वॉचमन; त्याची पाळी घ्यायला दुसरा आलाच नव्हता.

"मावशी, पैज गेली," गल्लीतला न्हावी म्हणाला.

"खड्ड्यात गेली पैज! मत नाही सोडायचं. बसा!"

पुलावर हवालदाराने शिट्टी मारली. "एका कपाटाला नऊ हमाल?"

"जड आहे साहेब."

"उचलून दाखवा."

न्हाव्याने खोटं खोटं कण्हायला सुरुवात केली आणि लगेच खरंच कण्हू लागला. सकाळी दोघांनी चढवलेलं कपाट आता जागचं हलेना. वर ते शिंकलंही.

हवालदार दोन पावलं मागे सरकला. मावशीने दार उघडलं. आत हेडक्लार्ककाका! गुडघे हनुवटीला, हातात मतदार चिठ्ठी.

"काका, तुम्ही?"

"चाळीस वर्षांत एक मत चुकवलं नाही गं. रिक्षा तिकडे येत नाही, गुडघे चालू देत नाहीत. पैज लावून बसलो, मग तुझ्या टेंपोत कुठल्या तोंडानं जागा मागू?"

हवालदार हसून हसून कठड्याला टेकला. "पळा! मी फक्त कपाट पाहिलंय."

केंद्रावरचा माणूस दार लोटतच होता. मावशीने फटीत पाय घातला. "अजून तीन मिनिटं आहेत. तोवर दार आमचं!"

शाई लागलेली बोटं भरली दहा. दहावं काकांचं.

चौकात सगळ्या गल्लीसमोर न्हाव्याने अर्धी मिशी उतरवली. "काका, उरलेलीही काढू? बरं दिसेल."

"हात लावशील तर बघ!" काका खुर्चीत ताठ झाले. "केंद्र शाळेत परत येईपर्यंत ही अशीच राहणार. उद्यापासून रोज निवडणूक कचेरीत साहेबासमोर जाऊन बसतो. बघू, कोणाला आधी लाज वाटते!"