शाफ्ट तुटण्यास कारण की

माझ्या मुलाच्या शर्यतीच्या जातीच्या फोर व्हील ड्राइव्ह गाडीचा पुढचा ड्राइव्हशाफ्ट, म्हणजे इंजिनाची ताकद चाकाला पोचवणारा दांडा, चौथ्यांदा तुटला. चारही वेळा आम्ही डोंगरावर राहणाऱ्या माझ्या थोरल्या बहिणीकडे निघालो होतो. ताई नव्वदीची. ती मला ओळखतेय तोवर एकदा भेटायचं, एवढीच माझी इच्छा.

सर्व्हिस सेंटरचा नियम असा, की गाडी चालवून पाहिल्याशिवाय निदान करायचं नाही. शाफ्ट तुटलेली गाडी चालत नाही. म्हणून आधी नवा शाफ्ट बसवत, मग गाडी चालवत आणि शेरा मारत, "दोष आढळला नाही."

"अहो, चौथ्यांदा तुटलाय!" मी म्हणाले.

"छे हो आजी," व्यवस्थापक समजुतीने म्हणाले, "प्रत्येक शाफ्ट एकदाच तुटलाय."

आमच्या ह्यांच्या जुन्या जीपचा मेकॅनिक आधी गाडीखाली शिरायचा, मग तोंड उघडायचा. शेवटी मीच गुडघे धरून वाकले. गाडी रुबाबदार दिसावी म्हणून मुलाने ती पार जमिनीलगत बसकी करून घेतली होती. शाफ्ट तिरका होऊन सांध्यात पिळवटत होता.

"अरे, गाडी पहिल्यासारखी उंच कर. शाफ्टची मान मुरगळतेय."

"आई, तो लुक आहे!"

पाचव्यांदा तुटल्यावर मुख्यालयातून तज्ज्ञ आले. त्यांनी पाचही घटनांचा तक्ता मांडला आणि समान घटक शोधून काढला: 'मागील आसनावर ज्येष्ठ महिला.' मला उतरवून, नव्या शाफ्टसह गाडीने सपाट आवारात दोन फेऱ्या मारल्या. शाफ्ट शाबूत. सिद्ध झालं.

"आई, मनाला लावून घेऊ नका," सून म्हणाली, "पण शिकलेली माणसं आहेत ती. आम्ही दोघं जाऊन ताईमावशींना तुमचा निरोप सांगतो."

मी पिशवी उचलली आणि बस पकडली.

ताईने दारातच ओळखलं. "अगं, किती वाळलीस!" म्हणाली. मी तिला म्हटलं, तेवढं लेटरहेडवर लिहून दे, माझ्या वजनाने शाफ्ट तुटतो म्हणणाऱ्या तज्ज्ञांना दाखवते.

मुलगा आणि सून पोचलेच नाहीत. पहिल्याच वळणावर शाफ्ट गेला. सुधारित अहवाल आठवड्याने आला: 'ज्येष्ठ महिला गाडीत नव्हती. तथापि प्रवासात तिचा विषय निघाला होता.'

हसलात ना? आता खरं सांगा. परवा तुमच्या घरातला मिक्सर बंद पडला, तेव्हा तुम्ही आधी प्लग पाहिलात, की "कोणी हात लावला होता?" म्हणून ओरडलात?