त्रिंबकरावांच्या फिंचजोडीची हकीकत

श्री. चोच देऊन दाणाही देणाऱ्या त्या परमेश्वरास वंदन करून, ऐकणाऱ्यांस आयुरारोग्य चिंतून, घडले तैसे लिहितो. शके एकोणीसशे पंचेचाळीस, शोभननाम संवत्सरे, मार्गशीर्ष शुद्ध पंचमी, रविवार, ते दिवशी राजश्री त्रिंबकराव खासनीस यांची स्वारी कोथिंबीर आणि लिंबे आणावयास म्हणून बाजारास निघाली आणि दोन फिंच पक्षी घेऊन परतली. कोथिंबीर राहिलीच.

राज्य म्हणावे तर तीन खोल्या आणि एक गॅलरी. राव राज्याचे धनी, नोकरीतून निवृत्त होऊन वर्ष जाहले होते. परंतु खजिना सौभाग्यवती सिंधूबाईसाहेबांचे हाती, आणि तो तांदळाच्या डब्यात. राव बहुत सज्जन, परंतु हौसेपुढे त्यांचे काही चालत नसे. आधी मासे पाळिले ते मेले, मग गुलाब लाविले ते वाळले. माशांची काचेची टाकी अद्याप माळ्यावर आहे आणि तिचा विषय निघाला की राव पाणी प्यावयास उठतात. ऐशा स्थितीत स्वारी बाबालाल पक्षीवाल्याच्या दुकानापुढे थबकली. पक्षी चिमणीहून लहान, अंगावर तपकिरी-पांढरे ठिपके, मान वाकडी करून रावांकडे पाहते जाहले, आणि राव तेथेच खलास! बाबालाल म्हणाला, "जोडी सहाशेला, साहेब. तुम्ही म्हणून सांगतोय." रावांनी ती पाचशेवर आणिली आणि मोठा किल्ला सर केल्याच्या तोऱ्यात घरी आले.

बाईसाहेबांनी दार उघडिले, पक्षी पाहिले आणि म्हणाल्या, "कोथिंबीर कुठाय?" राव म्हणाले, "अगं, जोडी आहे ही. अंडी घालतील, पिल्लं होतील. पिल्लं विकली की खर्च वसूल होऊन वर फायदा!" पक्षी पाळणाऱ्या यच्चयावत पुरुषांनी हे वाक्य आपापल्या बायकोस सांगितले आहे, आणि फायदा एकालाही जाहल्याचे आमच्या ऐकिवात नाही. मग स्वयंपाकघरात दरबार भरला आणि तह ठरला तो ऐसा की, बाईसाहेबांनी पक्ष्यांस जागा म्हणून गॅलरीतील कपड्यांची दोरी सोडावी, आणि पाडव्यापर्यंत पिल्ले जाहली नाहीत तर पक्ष्यांनी आले त्या वाटेने परत जावे. राव खुशाल "मंजूर" म्हणून बसले. पुढे काय वाढून ठेविले आहे हे त्या भोळ्या माणसास काय ठाऊक!

पक्षी पाचशेचे, परंतु पिंजरा पंधराशेचा. पिंजरा आला तो त्यास टेबल पाहिजे. राळा आणिला, तर पक्षी एक दाणा खात आणि चार उडवीत, म्हणून खाली पसरावयास पत्रा आला, आणि मग चोच घासावयास समुद्रफेस, घरट्यास मडकी, मडक्यात घालावयास काथ्या, आणि थंडी पडली तेव्हा पिंजऱ्यावर पांघरूण. एके दिवशी एक पक्षी अंग फुगवून गप्प बसला, तो रावांचा जीव खालीवर जाहला, आणि ते रिक्षा करून डॉक्टरकडे धावले. तेथे पोहोचेतो पक्षी आपोआप बरा होऊन गाऊ लागला. फी मात्र पक्ष्याच्या किमतीहून अधिक पडली. बाईसाहेबांस सांगताना राव प्रत्येक आकडा निम्मा करून सांगत, आणि उरला निम्मा भागवावयास त्यांनी मित्रांबरोबरचा हॉटेलातील चहा सोडिला, मग सलूनही सोडिले, इतके की केस मानेवर आले आणि मित्र बाजूस घेऊन विचारू लागले, "त्रिंबक, घरी काही अडचण नाही ना?"

आणि एवढे करून अंडे होईना! पक्षी मडक्यात जात, बाहेर येत, छाती फुगवून गात, पुन्हा आत जात. राव रोज सकाळी मडक्यात बॅटरीचा उजेड पाडून पाहात आणि तोंड पाडून परत येत. पौष गेला, माघ गेला, फाल्गुन सरत आला, तैसे राव दिवसातून तीनतीनदा मडक्यात डोकावू लागले. कारण फायद्याची गोष्ट आता कोठे राहिली होती? नोकरी सुटल्यापासून त्यांची वाट पाहणारे कोणी उरले नव्हते, आणि येथे राळ्याचा डबा वाजला की दोन जीव पिंजऱ्याच्या दारापाशी धावून येत. ते गेले तर सकाळी उठून करावयाचे काय, हे रावांस सुचेना.

शेवटी स्वारी बाबालालाकडे गेली आणि म्हणाली, "तुझी जोडी अंडीच घालीना रे." बाबालाल म्हणाला, "गातात का?" राव कौतुकाने म्हणाले, "दोघेही! काय सांगू, फार गोड." तेव्हा बाबालाल म्हणाला, "मग दोघंही नरच की, साहेब. यांच्यात मादी गात नाही." राव कडाडले, "अरे, पण तू जोडी म्हणाला होतास!" बाबालाल शांतपणे म्हणाला, "जोडीच दिली. जोडी म्हणजे दोन नग. चपलांची जोडी घेता तेव्हा त्यात नवरा कोण नि बायको कोण, विचारता का?" रावांनी मादीची किंमत विचारिली तो चारशे, आणि खिशात रिक्षापुरतेही पैसे नाहीत. राव चालत घरी आले.

मग पाडवा उजाडला. राव शब्दाचे पक्के. गुढी उभारली आणि मग पुठ्ठ्याच्या खोक्यास भोके पाडून पक्षी आत घातिले, आणि डोळे पुसून बाईसाहेबांपुढे उभे राहून सर्व खरे सांगते जाहले. खर्चाचा आकडाही पुरा सांगितला. म्हणाले, "चुकलंच माझं. देऊन येतो." बाईसाहेब पुरणाचा हात धुऊन बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "दोघे नर आहेत हे मला संक्रांतीपासून माहीत आहे." राव म्हणाले, "काय!" बाईसाहेब म्हणाल्या, "दोघेही आपलं गात सुटलेत आणि ऐकून घ्यायला कोणी नाही. असा कुठे संसार असतो?" राव म्हणाले, "मग बोलली का नाहीस?" बाईसाहेब म्हणाल्या, "बोलले असते तर खर्च वाढला असता. आता काढा आधी बाळूला आणि गोट्याला बाहेर, गुदमरतील. दुपारी तुम्ही घोरत पडता, तेव्हा मला सोबत त्यांचीच असते." पक्ष्यांस नावे आहेत हे रावांस तेव्हा कळिले! मग बाईसाहेबांनी तांदळाचा डबा उघडिला, नव्या साडीकरिता राखिलेली रक्कम कमरेस लाविली आणि स्वतः बाबालालावर चालून गेल्या, आणि दोन माद्या घेताना त्यास बजाविले, "यातली एक जरी गायली ना, तर तुझ्या दुकानात आणून बसवीन. तुलाच ऐकवीन."

नवे संवत्सर क्रोधीनाम, परंतु घरात कोणी रागावले नाही. वैशाखात अंडी जाहली आणि ज्येष्ठात पाच पिल्ले मडक्याबाहेर डोकावली. पिल्ले आपले आपण दाणा टिपू लागली तेव्हा तळमजल्याचे कामत वर आले आणि म्हणाले, "खासनीस, दोन पिल्लं मला द्या. किंमत बोला." हाच तो क्षण, ज्याच्या नावावर एवढा खर्च जाहला! राव किंमत बोलावयाची सोडून पिल्लांस राळा घालू लागले, आणि कामतांनी तर नोटा काढून टेबलावर ठेविल्याही. बाईसाहेबांनी त्या उचलिल्या, कामतांच्या हाती परत दिल्या, चहा पाजला, दोन बेसनाचे लाडू खाऊ घातिले आणि त्यांस दारापर्यंत पोहोचवून कडी लाविली. मग रावांकडे वळून म्हणाल्या, "असं काय बघता? चौघांच्या पिंजऱ्यात नऊ जण कसे राहायचे? मोठा पिंजरा केवढ्याला पडतो, विचारून या."

एवंच, पाचशेच्या पक्ष्यांस एकंदर किती लागले याचा हिशेब त्या राज्यात आता कोणी करीत नाही. खजिन्यात तांदूळ तेवढे आहेत, कपडे न्हाणीघरात वाळतात, आणि दोघेही धनी सुखरूप असेत. ऐकिले तैसे लिहिले. अधिक-उणे आढळल्यास वाचणाऱ्याने राळ्याच्या फोलपटासारखे फुंकून टाकावे.